यंदाही येऊ नये

आईशप्पथ सांगतो, पुढे जे लिहिलंय त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेला. म्हणजे बराचसा. जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं नाही तेव्हा मी खाली चहाला गेलो होतो, आणि ते मला चहावाल्याने अगदी सविस्तर सांगितलं. आता चहावाला खाली, प्रकार वर, मग त्याला कसं कळलं, असले वकिली प्रश्न विचारायचे असतील तर आत्ताच पान उलटा!

आमचं ऑफिस दादरला, फुलबाजाराच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. धंदा छोट्या जाहिरातींचा. लोक मजकूर घेऊन येतात, आम्ही तो हव्या त्या भाषेत बसवतो आणि त्या त्या पेपरला पाठवतो. वाढदिवस, पुण्यस्मरण, सेल, सोसायटीची वार्षिक सभा, मंडळाची पूजा. जगाला वाटतं पेपर रोज निघतो. आमच्यासाठी तो वर्षातून एकदाच निघतो. त्याच तारखेला, तोच माणूस, तोच मजकूर घेऊन जिना चढतो. आपण फक्त त्याचे केस किती पांढरे झाले ते बघायचं.

अशा धंद्यात किस्से साठतात. माळ्यावर जुन्या छत्र्या साठतात तसे. कुठली कोणाची ते आठवत नाही, पण फेकवतही नाही.

मंडळी चारच. मालक कारखानीस. मी नोकरीला लागलो तेव्हापासून "यंदा धंदा बंद करतो" असं दरवर्षी म्हणतात. गुजरातीला हंसाबेन, भुलेश्वरच्या. तमिळ आणि मलयाळमला रमणी, माटुंग्यात जन्मलेला, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आणि मराठीला अस्मादिक.

*

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपणारा माल म्हणजे "दरवर्षीप्रमाणे". ऑफिसात काम नसलं की याच्यावरच भांडणं.

मराठी गिऱ्हाईक "सालाबादप्रमाणे" लिहितं आणि कॉलर ताठ करतं. हा शब्द फारसीकडून आलाय म्हणून सांगितलं की तोंड पाडतं. पण जाहिरात शब्दावर मोजतात, आणि एवढं लांबलचक प्रकरण एकाच शब्दात बसतं, म्हणून फारसीला माफ करून टाकतं.

हंसाबेनचं "वरसोवरस". त्या म्हणतात तेव्हा पणजोबा, आजोबा, वडील अशी तीन दुकानांची शटरं एकामागून एक वर गेल्याचा भास होतो. रमणीचं तमिळ "वरुशा वरुशम्".

"दोनदा कशाला रे?" मी विचारलं.

"एकदाच म्हटलं तर लोकांना वाटतं एकदाच झालं," रमणी म्हणाला.

मलयाळममध्ये "आंडुतोरुम". हा शब्द कारखानीसांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना वाटलं, काहीतरी पडलं.

*

लालबागच्या एका गल्लीतला पोरगा पूजेची जाहिरात घेऊन आला. मजकूर: "सालाबादप्रमाणे याही वर्षी श्री सत्यनारायणाची महापूजा."

मी सहज विचारलं, "कितवं वर्ष?"

"पहिलंच."

"अरे, मग सालाबादप्रमाणे कसं काय?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच नुकताच गावाहून उतरलोय. "काका, पुढच्या वर्षी कोणाच्या लक्षात राहणार आहे? आत्ताच टाकून ठेवा ना!"

टाकलं. दुसऱ्या वर्षी तोच आला. मजकुरात "पन्नास वर्षांची अखंड परंपरा". मी थक्क! पण गल्लीतले दोन म्हातारे सही करायला बरोबर आलेले. दोघांनाही पहिली पूजा लख्ख आठवत होती. त्या वेळी प्रसाद जास्त गोड होता म्हणे.

*

रानडे रोडवरच्या एका साडीवाल्याची जाहिरात ठरलेली: "वर्षातून एकदाच! भव्य सेल!" दर तीन महिन्यांनी येते.

कारखानीस घाबरट माणूस. एकदा भीत भीत म्हणाले, "शेठ, लोक तक्रार करतील हो. वर्षातून एकदाच म्हणता आणि..."

"साहेब," शेठ म्हणाला, "बायको मला रोज सांगते, आयुष्यात एकदाच मागतेय. मी कोणाकडे तक्रार करू?"

*

हे झालं तोंड धुणं. आता मूळ प्रकरण.

दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधी आमचा जिना दिसेनासा होतो. खाली सगळा झेंडू. कारखानीसांना एकदा जिना सापडेना म्हणून ते शिट्टी वाजवत उभे होते आणि मी वरून ओरडून दिशा सांगत होतो. अशा झेंडूतून वाट काढत एक बाई वर आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी, खांद्याला पर्स. देवस्थळी वहिनी. गिरगावातल्या, ठाकुरद्वारच्या आतल्या गल्लीतल्या. जाहिरात द्यायची होती. बरोबर नवऱ्याचा फोटो. बारीक मिशी, हसरा चेहरा, केसांचा कोंबडा.

"पुण्यस्मरण का?" मी आवाज खाली आणून विचारलं. सवयच ती.

"छे! आहेत," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे कुठेतरी आहेत."

नवरा अरविंद. पाण्याचे पंप विकत गावोगाव फिरायचा. एका दसऱ्याला सोनं वाटून येतो म्हणून खाली उतरला तो गेलाच. आठवड्याने निरोप आला, मी ठीक आहे, शोधू नका. घरात आता वहिनी आणि सासूबाई. मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला.

"आईंनी मजकूर सांगितलाय," म्हणत वहिनींनी तो पाठ म्हणून दाखवला. "चि. अरू, दसरा आला. वाट बघते आहे. असशील तिथून निघून ये. तुझी आई."

हंसाबेनच्या डोळ्यांत टचकन पाणी. मी पेन काढलं.

"हा लिहू नका," वहिनी म्हणाल्या. "हा त्यांनी सांगितलेला. तुम्ही लिहा: श्री. अरविंद यांस, घरी सर्व कुशल आहे. आपण येण्याची तसदी घेऊ नये."

माझं पेन हवेत! हंसाबेनचं पाणी डोळ्यांतल्या डोळ्यांत परत फिरलं. कारखानीसांनी घाईघाईने अ‍ॅसिडिटीची गोळी तोंडात टाकली.

"आणि गुजरातीत द्या," वहिनी म्हणाल्या. "आईंना सांगितलंय, ते सुरतेला दिसले होते."

"दिसले होते?"

"नाही हो."

कारखानीस कळवळून म्हणाले, "वहिनी, मजकूर एकीचा आणि छापायचा दुसरीचा! उद्या तुमच्या सासूबाईंनी वाचलं तर आमची पाटी उतरेल!"

"म्हणून तर गुजरातीत," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "त्या रोज भिंग घेऊन मराठी पेपर वाचतात. अक्षर सोडत नाहीत. गुजरातीत त्यांना फक्त फोटो दिसेल."

*

मधल्या वेळात हंसाबेननी वहिनींना चहा पाजला आणि पोटातलं काढून घेतलं. हंसाबेनसमोर तिजोरीसुद्धा आपण होऊन उघडते.

अरविंदरावांची ही पहिली खेप नव्हती. त्याआधीही ते असेच गेलेले आणि आलेले. येणार म्हणजे कसे? खाली भाजी आणायला गेल्यासारखे. चपला काढायच्या, खुर्चीत बसायचं, "जेवायला काय आहे?" म्हणून विचारायचं. म्हातारीला आकाश ठेंगणं. श्रीखंड, पुऱ्या, दृष्ट काढणं. आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा गायब.

"ते येतात त्याचं मला काही नाही हो," वहिनी म्हणाल्या. "मी आणखी दोन पोळ्या लाटते. पण ते गेले की आई भिंतीकडे तोंड करून झोपतात. जेवण नाही, बोलणं नाही. गेल्या खेपेला मी त्यांना चमच्याने पेज भरवत होते. डॉक्टर म्हणाले, या वयात पुन्हा असं झालं तर उठायच्या नाहीत. आता मला सांगा, त्यांना बोलावू?"



"मग जाहिरातच कशाला द्यायची?" मी विचारलं. "घरी सांगायचं, दिली म्हणून."

"पेपरात फोटो बघितल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत. मी नाही दिली तर स्वतः येतील. आणि मराठीत देतील."

हंसाबेननी कागद ओढला आणि झरझर लिहून काढलं. आववानी तकलीफ लेशो नहीं. कारखानीस छताकडे बघत होते. म्हणजे नंतर म्हणता आलं असतं, मी काही पाहिलं नाही.

*

पुढच्या वर्षी त्याच झेंडूतून वहिनी पुन्हा वर.

"यंदा कुठे दिसले?" मी विचारलं.

"कोइम्बतूरला. तिकडे पंपांचे कारखाने आहेत ना, आईंना पटलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि या वर्षी सुरुवातीला 'दरवर्षीप्रमाणे' घाला. म्हणजे त्यांना कळेल की आमचं मत बदललेलं नाही."

रमणीने मन लावून तमिळ केलं. "वरुशा वरुशम्" असं झोकात दोनदा घातलं. जाहिरात आली आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन. तमिळमध्ये. रमणी उभा राहून बोलायला लागला, मग बसला, मग टेबलाखाली डोकं घालून बोलायला लागला.

आम्ही तिघं गार. सापडला वाटतं अरविंद!

फोन ठेवून रमणी म्हणाला, "तो नाही. त्रिचीचा कोणी आहे. म्हणतो, फोटो माझा नाही, नाव माझं नाही, पण मीही घर सोडून आलोय आणि माझी बायको अगदी असंच लिहिणारी आहे. विचारतोय, परत जाऊ का?"

"तू काय सांगितलंस?"

"जा म्हटलं. मला काय! भाडं त्याचं."

वर्षभराने त्याचा पुन्हा फोन. गेला होता म्हणे. बायकोने दार उघडलं, नखशिखांत पाहिलं, जेवायला वाढलं आणि हात धुवायला पाणी देताना म्हणाली, "वरुशा वरुशम् येत जा. याच दिवशी. जेवून जात जा."

"मग आता?" आम्ही एकदम विचारलं.

"खूश आहे," रमणी म्हणाला. "आधी तर तेवढंही जमत नव्हतं म्हणतो."

*

तिसऱ्या वर्षी अरविंदराव कोचीला दिसले. मलयाळममध्ये रमणीने मजकूर बरोबर केला, मी स्वतः बाजूला उभा होतो. (मला मलयाळम येत नाही, पण उभा होतो.) घोटाळा पेपरकडे झाला. तिकडच्या माणसाने पाहिलं, फोटो आहे, "आंडुतोरुम" आहे, खाली घरच्यांचं नाव आहे. वर्षाच्या वर्षाला फोटो येतो तो कोणाचा? त्याने मजकूर धड वाचलासुद्धा नाही आणि जाहिरात उचलून पुण्यतिथ्यांच्या पानावर बसवली. फोटोभोवती काळी चौकट. बाजूला तेवती समई!

पेपर बघून कारखानीसांनी आधी ऑफिसचं दार लावून घेतलं. जिवंत माणसाला आम्ही केरळभर मारून टाकलं होतं. मग त्यांनी वहिनींना फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. माफी मागितली. पुन्हा जाहिरात देतो, दिलगिरी छापतो, म्हणाले.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

मग वहिनी म्हणाल्या, "नको. राहू दे."

"राहू दे?" कारखानीस किंचाळले.

"तिकडच्यापुरतं राहू दे."

"अहो पण सासूबाईंनी समई पाहिली तर?"

"पाहिली. मी म्हटलं, आई, तिकडे शुभ जाहिरातीत समई घालतात."

"मग?"

"त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाल्या, वात चांगली लागलीय."

*

चौथं वर्ष, उर्दूची पाळी. माहीमचे अन्सारी चाचा आमच्यासाठी उर्दू करतात. सत्तरीचे, अत्यंत अदबीचे. रस्त्यात कुत्र्याला बाजूला हो म्हणतानाही "ज़रा" म्हणतील. त्यांनी मजकूर ऐकला आणि टोपी काढून टेबलावर ठेवली.

"हर साल लिख दूँगा, साल-ब-साल भी लिख दूँगा. पण 'येऊ नका' हे माझ्याच्याने लिहवणार नाही, साहेब. हात चालत नाही."

हंसाबेननी बरीच मनधरणी केली. शेवटी त्यांनी लिहिलं. पण इतकं अदबीने लिहिलं की तशरीफ, ज़हमत, आपली नाज़ुक तबीयत, या सगळ्यांतून वाट काढत काढत "नका" शेवटी कुठेतरी दारामागे उभं राहिलं. छापून आल्यावर दुसऱ्याच दिवशी एक सद्गृहस्थ वहिनींचा पत्ता विचारत ऑफिसात आले. हातात मिठाईचा डबा. त्यांना वाटलं, दावत आहे!

वहिनींना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की फोन ठेवावा लागला. एवढ्या वर्षांत त्यांना हसताना आम्ही पहिल्यांदा ऐकलं. पण थोड्या वेळाने त्यांचाच परत फोन. आवाज बदललेला.

"कारखानीस, आईंचं हल्ली काही खरं नाही. जिना उतरत नाहीत. मध्येच मला विचारतात, तो आला तर तू काय करशील? मी म्हणते, पोळ्या लाटेन. पुढच्या वर्षी कन्नडमध्ये देऊ. पण देऊच. आता ते आले आणि गेले तर मी आईंना नाही वाचवू शकत."

*

आणि आता गेल्या दसऱ्याचं.

खाली झेंडूचा डोंगर. वर आम्ही मंडळांच्या जाहिरातींत बुडालेलो. जिन्यावर काठीचा आवाज. ठक. बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक. हंसाबेन बघायला गेल्या आणि एका म्हाताऱ्या बाईंचा हात धरून आल्या. ऐंशीच्या पलीकडच्या. नऊवारी नाही, साधी पाचवारी, नीट चापूनचोपून. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग.

भिंग बघताच मी टेबलावरचे पेपर खाली सरकवले!

"मी अरविंदची आई," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "टॅक्सीने आले. सून बँकेत गेलीय."

संपलं. मी मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधायला लागलो. रमणीने समोरचा कागद उलटा धरून वाचायला घेतला. कारखानीस उठले, बसले, पुन्हा उठले. "आजी, चहा घेणार? सरबत? पंखा वाढवू?"

आजींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी हंसाबेनकडे पाहिलं.

"पहेली जाहेरात तमे लखी'ती ने, बेन? बहु सरस लखी'ती."

पहिली जाहिरात तुम्हीच लिहिली होती ना? फार छान लिहिली होती! आणि हे आमच्यासारखं मोडकंतोडकं नव्हे. अस्सल, सुरेल गुजराती.

हंसाबेन भिंतीला टेकल्या. "आजी... तुम्हाला गुजराती...?"

"माहेर बडोद्याचं. शाळा तिथलीच." आजींनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "सुनेला माहीत नाही. तिने कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही."

म्हणजे पहिल्या दिवसापासून! पहिल्याच दसऱ्याला त्यांनी भिंग लावून ती ओळ वाचली होती. आणि त्यानंतर दरवर्षी सुनेसमोर बसून "चि. अरू, निघून ये" असा मजकूर सांगितला होता. आणि दरवर्षी तो इथे येऊन काय होतो, ते त्यांना ठाऊक होतं!

रमणीच्या हातातला उलटा कागद खाली पडला.

"आजी, वहिनींचा हेतू..." मी तोंड उघडलं.

"तिचा हेतू मला तू सांगणार?" आजी म्हणाल्या. मी तोंड मिटलं. "पेज कोण भरवत होतं मला? तू?"

मग त्यांनी विचारलं, "यंदा कुठली भाषा ठरलीय?"

"कन्नड," कारखानीस कसंबसं म्हणाले.

"ती तिला देऊ दे. मी माझी वेगळी देणार. मराठीत."

"मराठीत?"

"तो ठाण्यात असतो."

ठाण्यात! सुरत नाही, कोइम्बतूर नाही, कोची नाही. ठाणं! चार भाषांतून आम्ही ज्याला येऊ नकोस म्हणून हाका मारत होतो तो माणूस इथे ठाण्यात बसून आरामात मराठी पेपर वाचत होता!

"मागच्या आठवड्यात फोन आला. सून भाजीला गेली होती, फोन घरीच राहिला होता, मी उचलला. म्हणाला, आई, दसऱ्याला येतो."



हंसाबेननी हळूच विचारलं, "तर मग फोनवरच सांगायचं ना, आजी? नको येऊस म्हणून?"

"त्याचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून 'ये'च निघतं," आजी म्हणाल्या. "निघालंच. मी हो म्हणून बसलेय. दार वाजलं तर उघडणारही मीच. म्हणून आलेय. घ्या लिहून."

कारखानीसांनी मला खूण केली. मी पेन घेतलं. 

"चि. अरविंद," आजींनी सांगितलं. "येऊ नये."

मी वाट बघितली. पुढे काही येईना.

"एवढंच?"

"एवढंच. मोठ्या अक्षरांत. फोटो नको, मी त्याचा चेहरा बघितला तर फाडून टाकेन कागद."

"पण आजी," कारखानीस म्हणाले, "मराठीत आहे. वहिनी वाचतील की!"

"ती कुठे वाचते? सकाळी ती पोळ्या करते आणि मी तिला पेपर वाचून दाखवते. ते पान गाळेन."

मी सवयीने विचारलं, "सुरुवातीला 'दरवर्षीप्रमाणे' घालू?"

"नको. हे एकदाच."

"आणि खाली काय? घरची मंडळी?"

आजींनी भिंग उचललं, माझ्या कागदावर धरलं, माझं अक्षर नीट वाचलं.

"खाली घाला, तुझी आई."

हंसाबेन त्यांना टॅक्सीपर्यंत सोडायला गेल्या. झेंडूच्या टोपल्यांतून वाट काढत त्या चालल्या होत्या आणि मी खिडकीतून बघत होतो. टॅक्सीत बसण्याआधी आजींनी मान वर केली, आमच्या खिडकीकडे पाहिलं आणि हसल्या.

आता सुरुवातीला शपथ घेतलीय म्हणून सांगून टाकतो. लालबागच्या पूजेला मी पन्नास वर्षं लिहिली, ती त्या पोराने पंचवीसच सांगितली होती. मिठाईवाले सद्गृहस्थ माझ्या पदरचे. आणि आजी हसल्या म्हणालो ना, त्या हसल्या नव्हत्या.